अक्कांची पहिली भाकर

ताडकळसला मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहिले त्या अक्कांची ओळख मला त्यांना बघण्याआधीच झाली. बसमधून उतरून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, मी पानटपरीवर घर विचारलं. टपरीवाल्यानं घर दाखवलं आणि न विचारता पुढची माहितीही दिली. "ते निळ्या दाराचं. आप्पाच्या किराणा दुकानाच्या मागलं. पर बाई, त्या घरची बाई नवऱ्याच्या आधी जेवती बरं का." कुणाच्या घरचं कुत्रं चावरं आहे हे पाहुण्याला आधीच सांगून ठेवावं, तसा त्याचा सूर होता.

माझी बदली नुकतीच तिथल्या शाळेत झाली होती. घर परभणीला, नवरा, मुलगी, सासूबाई तिकडेच. रोज येऊन-जाऊन काही दिवस केलं, पण बसच्या धक्क्यांनी कंबर बोलायला लागली, तेव्हा आठवडाभर खोलीवर राहायचं आणि शनिवारी घर गाठायचं असं ठरलं. वय चाळिशी ओलांडलेलं. नवऱ्याच्या आधी जेवणारी घरमालकीण कशी असेल, या कुतूहलापुढे भाड्याची घासाघीस करायचंही मी विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचं विचारायला मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. ठेंगणी, अंगानं भरलेली, पन्नाशीच्या पुढची बाई अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून पाटावर बसली होती. डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं. त्यांच्या लिंगायत लोकांत ज्याचा देव त्याच्या गळ्यात असतो, बाईचाही. चांदीच्या लहान डबीत ठेवून तो छातीशी बाळगायचा आणि रोज आपल्याच तळहातावर घेऊन पूजायचा, मध्ये कोणी लागत नाही. अक्कांनी पाणी वाहिलं, बेलाचं पान ठेवलं आणि बराच वेळ तळहाताकडे टक लावून बसल्या. घाई म्हणून नव्हती. मग देव डबीत ठेवला, उठल्या, काठवटीत पीठ मळलं, ज्वारीची भाकर थापली, भाजली, टम्म फुगवली. ताटात ती भाकर, वर लोण्याचा गोळा, बाजूला ठेचा. ताट छातीशी नेऊन देवाला दाखवलं आणि बाई मांडी ठोकून जेवायला बसली. बाहेर ओट्यावर नवरा बसलेला होता, तव्याखाली आच तशीच होती.

मी अवघडून मागे सरकले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "या बाई. बसा. पर बोलू नका, गरम हाय तवर खाऊ द्या."

पूर्ण भाकर खाऊन, पाणी पिऊन, तांब्या खाली ठेवल्यावरच त्या दुधाच्या भावाचं बोलल्या. तांब्याचा तो आवाज झाला तसे ओट्यावरचे आप्पा उठून, पाय धुऊन आत आले. त्या आवाजाशी त्यांचा काही करार असावा, असं मला तेव्हाच वाटून गेलं.

अक्कांचं याबाबतचं शास्त्र अगदी पक्कं होतं. "देव कुठं हाय? माझ्या गळ्यात. म्हंजी मी कोण झाले? देऊळ. आता देऊळ पडकं ठिवून, गळकं ठिवून, देवाला म्हणायचं ऱ्हा बाबा, हे बरं हाय का? डागडुजी करावी लागती." आणि देवाला दाखवलेला प्रसाद गार करायचा नसतो, हा दुसरा नियम. पहिला नियम धर्मातला होता. दुसरा अक्कांनी स्वतः बसवलेला असावा, असा मला दाट संशय आहे, पण तो त्यांनी अशा बेमालूमपणे पहिल्याला जोडला होता की सांधा दिसत नव्हता.

त्यांच्या नणंदेनं, म्हणजे आप्पांच्या थोरल्या बहिणीनं, तो सांधा शोधायचा एकदा प्रयत्न केला होता. त्या जिंतूरला दिलेल्या. अंगापिंडानं उंच, आवाज खणखणीत, आणि माहेरावर अजून सासरपेक्षा जास्त हुकमत. अक्का त्यांना वन्सं म्हणायच्या. एकदा घरी पूजेला जंगमस्वामी, म्हणजे त्यांचे पुरोहित, आले असताना वन्संनी सगळ्यांसमक्ष विचारलं, "स्वामी, बाईमाणसानं घरधन्याच्या आधी गिळावं, हे कोण्या पोथीत हाय?" स्वामी लांबून सायकल मारत आलेले, सकाळपासून पोटात काही नाही. त्यांनी आतून येणारा भाकरीचा वास घेतला आणि म्हणाले, "प्रसादाला उशीर करू नये, एवढं मला माहीत हाय." हे सांगताना अक्का इतक्या हसायच्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागायचे.

चष्म्याचीही एक गोष्टच होती. अक्कांना वाचता येत नव्हतं. सहीपुरती अक्षरं गिरवलेली, तेवढीच. तरी परभणीला जाऊन, डोळे तपासून, जाड काड्यांचा चष्मा करून आल्या आणि दोरी लावून गळ्यात घातला, देवाच्या शेजारी. गल्लीतल्या बायकांना हसायला निमित्तच मिळालं. "अक्का, मास्तरीण व्हायलात का? काय वाचनार?" अक्का सुपातली डाळ पुढे ओढून म्हणायच्या, "खडे. आजवर तुमच्या दादल्याच्या दाताखाली आले न्हाईत व्हय? नजर अधू झाली, डाळीत खडे ऱ्हायले, तवा समद्यांनी शिव्या दिल्या मला, चष्मा कर म्हणून कोण बी म्हणालं न्हाई." मला त्या दिवशी जाणवलं की आमच्या शाळेत मुलांच्या डोळ्यांची तपासणी होते, पण मुलांना डबे करून देणाऱ्या आयांच्या सुईत दोरा का जात नाही, हे कोणी विचारत नाही.

सकाळी अक्का पातळावर कापडी बूट घालून चालायला जायच्या. शाळा सुटून मी परत यायची त्या वेळेला त्या ओट्यावर लोखंडी घमेल्यात पाय सोडून बसलेल्या असायच्या. घमेल्यात ऊन पाणी आणि मूठभर मीठ. नंतर करडीचं तेल घेऊन टाचा, घोटे, गुडघे असं चोळत वर जायचं. हे सगळं भर रस्त्याकडे तोंड करून. आतल्या खोलीत बसून कर म्हणून सुचवणारे पुष्कळ होते. "कामून? चोरी करायले का? लपून केलं की चोरी वाटती. आज मला वाटंल, उद्या गल्लीला." येणाऱ्या-जाणाऱ्या बायका टोमणे मारायच्या. "अक्काचं बरं हाय बाई, राणीवानी." त्यावर अक्का घमेलं थोडं सरकवून म्हणायच्या, "पाणी गरम हाय, ये. तुझ्या बी टाचंत नांगर चाललाय." बाई हसून पुढे जायची. पण एखादी कधी थांबायची, डोक्यावरचा भारा उतरवायची, आजूबाजूला बघायची आणि लुगडं वर खोचून एक पाय घमेल्यात घालायची. एकच. दुसरा बाहेर, कोणी आलं तर निघता यावं म्हणून.

बाजाराच्या दिवशी तर कहरच. गावच्या आठवडी बाजारात बाई सगळ्या घराचं सामान घेते, पोरांना फुटाणे-रेवड्या घेते आणि हाताला रग लागेपर्यंत पिशव्या उचलून चालू लागते. अक्का बाजारात शिरताच सगळ्यात आधी स्वतःसाठी काहीतरी घ्यायच्या. पेरू, केळी, सीताफळाचे दिवस असले तर सीताफळ. आणि तिथंच, लिंबाखाली दगडावर बसून, बिया हातात थुंकत सावकाश खायच्या. गावात बाईनं चारचौघांत तोंड हलवणं म्हणजे काय, हे गावात राहिल्याशिवाय कळणार नाही. पुरुष मान वळवून जायचे. पोरं टक लावून बघायची. अक्का बघणाऱ्या पोरालाही एक फोड द्यायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या मायला सांग, अक्कानं दिली. तिला बी दे." ते पोर आईपर्यंत ती फोड नेत नसणार हे त्यांनाही माहीत होतं.

या सगळ्यात मी शहरातली, शिकलेली, पगारदार. माझं काय चाललं होतं? परभणीला आमच्या मैत्रिणींचा सकाळी फिरण्याचा गट होता. लग्नसराई आली की आम्ही चेहऱ्याला काय काय लावून घ्यायचो. फोनवर रोज सकाळी फुलांच्या चित्रासोबत ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असे निरोप एकमेकींना पाठवायचो, आणि तो निरोप पाठवणारी बाई तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून, पातेल्यातच उरलेली भाजी पोळीला पुसून खात असायची. एका सकाळी तसलाच एक निरोप मी अक्कांना वाचून दाखवला. माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात कालची पोळी, आणि मी माझ्या खोलीच्या दारात उभी. अक्कांनी ऐकून घेतलं. "लय चांगलं लिव्हलंय," म्हणाल्या. "पर बाई, उभ्यानं घोडं खातं. तुमी कामून उभ्यानं खायलात?"

"उशीर होतो हो अक्का."

"रोजच? मंग घरचे समदे बसून कसे खातेत? त्येन्ला उशीर होत न्हाई?"

मला राग आला होता, खरं सांगते. कोणी आपल्याला उघडं पाडलं की येतो तसला राग. पण दुसऱ्या दिवसापासून मी बसायला लागले. खाली, भिंतीला टेकून, ताट वाढून घेऊन. सुरुवातीला वेळ इतका मोठा वाटायचा की काय करावं कळायचं नाही. आजही मी बसूनच जेवते. घरात अजून शेवटीच जेवते, ते काही सुटलं नाही. पण उभ्यानं नाही.

हे सगळं त्यांच्यात आलं कुठून, असं मी एकदाच विचारलं. दुपार होती, घमेल्यातलं पाणी गार होत आलं होतं. त्या पायाच्या बोटांत बोटं घालून मळ काढत राहिल्या.

"माझी माय," त्या म्हणाल्या, "आमाला, बापाला, गड्यांला घालून मंग बसायची. शिळं असलं तर आधी शिळं. न्हाई उरलं तर पाणी. तिला कोणी उपाशी ठिवलं असं म्हणत न्हाई मी, बाप देवमाणूस व्हता. पर कोणी बघतच नव्हतं. तिच्या अंगात रगत न्हाई, रगत न्हाई, म्हणता म्हणता ती गेली. तिच्या दिवसाला ताट वाढलं तिच्या नावानं. तव्यावरली पयली भाकर, तूप, गूळ, समदं. वाफ निघायली व्हती त्या ताटातून. मी तिथं बसलेली. मनात आलं, मायला गरम भाकर खायला मरावं लागलं." मग पाय बाहेर काढून पुसता पुसता म्हणाल्या, "त्या दिशी ठरवलं. मला वाढायची तर जित्तेपणी वाढा. तुमी न्हाई वाढली तर मी वाढून घेते."

पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

आप्पांबद्दल सांगायचं राहिलं. आप्पा म्हणजे उंच, वाळके, अबोल. दुकानात बसून दिवसभर पुड्या बांधायचे. त्यांना टोचणारे काय कमी होते? "आप्पा, तुमच्या घरी बायकू आधी जेवती म्हणं." आप्पा तराजूतल्या साखरेवरची नजर न काढता म्हणायचे, "आधी देव जेवतो. मी दुसऱ्या पंगतीला." बस, एवढंच. बायकोची बाजू त्यांनी कधी घेतली नाही, पण तिला कधी थांबवलंही नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी ओट्यावर बसून राहायचे, आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज येईपर्यंत. भूक लागली तरी डोकावून बघायचे नाहीत. मला वाटायचं, हा माणूस बायकोपुढे हात टेकून बसलाय. माझा अंदाज किती उथळ होता हे कळायला मला त्यांचं दुखणं बघावं लागलं.

आप्पा दुकानातच कोसळले. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. परभणीला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी शनिवारी घरून डबा घेऊन गेले. अक्का व्हरांड्यात भिंतीला टेकून, डब्याच्या झाकणात भाजी घेऊन खात होत्या. घाईघाईनं, दाराकडे बघत.

"उभ्यानं खायलात अक्का," मी म्हणाले. त्यांना थोडं हसू यावं म्हणून.

त्या हसल्या नाहीत. "उशीर होतोय बाई," म्हणाल्या.

आप्पांना घरी आणलं. मुलगा पुण्याहून आला, चार दिवस राहून नोकरीवर परत गेला, आणि जिंतूरहून वन्सं आल्या. त्यांनी पदर खोचून घर ताब्यात घेतलं. माणूस म्हणून वाईट नव्हत्या. रात्रंदिवस राबायची तयारी होती, भावावर जीव होता. पण पहिल्या सकाळी अक्का पूजा करून काठवटीकडे वळल्या तशा वन्सं पुढे झाल्या. "अगं, नवरा लाकडावानी पडलाय. आता तरी हे लाड बंद कर. पयली भाकर त्येच्या तोंडात जाऊ दे. मंग तुझं बघ."

मला वाटलं, आता अक्का ती देवळाची गोष्ट काढतील. त्यांनी काढली नाही. मुकाट्यानं काठवट वन्संकडे सरकवली. ओट्यावर बसलेली गल्ली सगळं ऐकत होती; दुखणेकऱ्याला भेटायला आलेल्या बायका. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं: बरी वाकली. घमेलं मागच्या अंगणात उपडं पडलं. बूटही गेले, कारण चालायला जायचं कधी? आता दिवस आप्पांची कूस बदलण्यात जायचा. अक्का शेवटी जेवायला लागल्या. गार. उरलेलं. त्यांच्या आईसारखं.

आणि आप्पा जेवायचे थांबले.

वन्सं पहिली भाकर दुधात कुस्करून, गाळणीनं गाळावी इतकी मऊ करून, वाटी घेऊन खाटेशी बसायच्या आणि आप्पा दात घट्ट आवळायचे. दवाखान्यात तर भरवलेलं गिळत होते. चमचा ओठाला लागला की मान फिरवायचे. चांगल्या डाव्या हातानं वाटी ढकलायचे. एकदा वाटी वन्संच्या अंगावर सांडली. डॉक्टर येऊन बघून गेले. गिळता येतंय म्हणाले, पण असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. वन्संनी देव पाण्यात ठेवले, दृष्ट काढली, भावाचा हात धरून रडल्या. "का असं करतूस रे? मी वाढलेलं बी गोड लागंना का?" आप्पांच्या एका डोळ्यातून पाणी यायचं, पण दात उघडत नव्हते.

मी शाळेत जायच्या आधी आत डोकावले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. अक्का खाटेशी होत्या, आप्पांना टेकून बसवत होत्या. बसवता बसवता त्यांना भोवळ आली आणि त्या खाटेची कड धरून खालीच बसल्या. चेहरा राखेसारखा. काल रात्री काय खाल्लं विचारलं, तर आठवेना. मी वन्संना म्हणाले, आधी यांना काहीतरी द्या. वन्संच्या हातात आप्पांसाठी आत्ताच काढलेली भाकर होती, ताटात, दुधाच्या वाटीशेजारी, अजून कुस्करायची होती. त्यांनी ताट जमिनीवर ठेवलं आणि साखर-पाणी आणायला आत गेल्या.

आप्पांचा डावा हात खाटेवरून खाली आला. चाचपडला. ताटाच्या कडेला लागला. आणि त्यांनी ते ताट ढकललं. आम्ही रोज बघत होतो तसंच ढकलणं. फक्त त्या दिवशी ताटाच्या पलीकडे अक्का बसलेल्या होत्या, आणि ताट त्यांच्या गुडघ्याला जाऊन टेकलं.

अक्का त्या ताटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आप्पांकडे बघितलं. हात गळ्यातल्या डबीला लावला, एक तुकडा मोडला, आणि तोंडात घातला. त्यांचा जबडा हलायला लागला तसं मी आप्पांकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं. वाकडं, एका बाजूनं लाळ आलेलं, पण उघडं.

अक्कांनी दुसरा तुकडा वाटीतल्या दुधात बुडवून, बोटांनी मऊ करून त्यांच्या तोंडात ठेवला. आप्पांनी गिळला. तिसरा त्यांनी स्वतः खाल्ला. चौथा आप्पांना. साखर-पाण्याचा पेला घेऊन वन्सं दारात उभ्या होत्या आणि त्यांना आत यायचं सुचत नव्हतं. मी माझ्या चपला हातात घेऊन बाहेर आले.

वर्षानुवर्षं ओट्यावर बसून तो माणूस तांब्याच्या आवाजाची वाट बघत होता, ती नाइलाजानं नव्हती. ती त्याची पूजा होती.

वन्सं त्यावर "म्हातारं लाडावलंय," एवढंच म्हणाल्या, आणि थोड्या दिवसांनी जिंतूरला निघून गेल्या. घमेलं पुन्हा ओट्यावर आलं. आता त्याच्या शेजारी आप्पांची खुर्ची असायची, आणि अक्का स्वतःचे पाय झाले की तेच तेल आप्पांच्या मेलेल्या हाताला चोळायच्या. "मी धड ऱ्हायले तर तू धड ऱ्हाशील," असं त्यांना भर रस्त्यात सांगायच्या. नवऱ्याला चारचौघांत तू म्हणाल्या म्हणून गल्लीला नवीन विषय मिळाला.

आप्पा नंतर दोनेक वर्षं राहिले. मधल्या काळात माझी बदली परभणीच्या जवळ झाली होती. गेल्याचं कळलं, पण मातीला पोचता आलं नाही. दिवसाच्या कार्यक्रमाला, त्यांच्यात ज्याला शिवगणाराधना म्हणतात, त्याला गेले. बाहेर मांडव, आचारी, भजन. अक्का आतल्या खोलीत आप्पांच्या फोटोसमोर भिंतीला टेकून बसलेल्या. पार वाळल्या होत्या. चष्मा नाकावर राहत नव्हता. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुमी सांगून बघा. पूजा करती, भाकर करती, देवाला दाखवती आन् झाकून ठिवती. संध्याकाळी गाईला घालती. चहावर हाय नुसती."

मी जाऊन शेजारी बसले. सांगायला माझ्याकडे तरी काय होतं? त्यांचंच शास्त्र त्यांना सांगितलं. म्हटलं, "अक्का, देवळाचं काय?"

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बाई, पयला घास माझा, दुसरा त्येंचा, असं झालतं. पयला घेतला की हात आपसुक दुसरा मोडतो. मंग त्या दुसऱ्याचं काय करू?"



आतून वन्सं आल्या. मांडवात पक्वान्नं होती, पण भावाला आवडायची म्हणून फोटोपुढच्या ताटासाठी ज्वारीची भाकर त्यांनी स्वतः घरात केली होती. तव्यावरची पहिली, फुगलेली, वर लोणी वितळत होतं. बायकांनी सरकून वाट करून दिली. कोणी उदबत्ती पुढे केली. वन्सं ताट घेऊन फोटोपुढे वाकल्या आणि तशाच थांबल्या. फोटोतल्या भावाकडे बघत राहिल्या, बराच वेळ.

मग त्या सरळ झाल्या. "ह्यो न्हाई खानार," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही. "म्या बगितलंय त्येला. दात उघडनार न्हाई ह्यो."

वळल्या, आणि ते ताट अक्कांपुढे ठेवलं.

मृताच्या नावाचं पहिलं ताट जिवंत बाईपुढे ठेवलेलं तिथं कोणी पाहिलं नव्हतं. एक म्हातारी काही बोलायला तोंड उघडत होती, वन्संनी तिच्याकडे नुसतं बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकत त्या अक्कांसमोर बसल्या.

"खा. त्येला दुसरी घालते मी. तू खाल्ल्याबिगर त्येला कशी घालू?"

अक्कांनी ताट उचललं, छातीशी नेलं, डबीला दाखवलं. भाकरीतून वाफ येत होती, चष्म्याच्या काचा धुकटल्या. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत राहिल्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, तरी चावणं थांबलं नाही.

"जाड थापली वन्सं," घास गिळून त्या म्हणाल्या.

"खा गप. तो वाट बघायलाय," वन्सं म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. आतून दुसरी भाकर थापल्याचा आवाज यायला लागला.